केन्शिनचे पाचही चित्रपट कसे बघावेत

ॲनिमेवर, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेवर, खरे नट घेऊन लाइव्ह-ॲक्शन चित्रपट येतोय म्हटलं की आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक आधीच नाक मुरडतात. त्यांचंही बरोबर आहे. बेगडी विग, खेळण्यातल्या वाटाव्यात अशा तलवारी आणि उगीच मोठ्याने किंचाळणारे नट, हे सगळं त्यांनी बघून झालेलं असतं. अशा प्रत्येकाला मी एकच सांगते: 'रुरौनी केन्शिन' या जपानी तलवारबाजाच्या कथेचे पाच चित्रपट बघ, मग बोलू. पण ते बघायचीही एक रीत आहे. क्रम चुकला, टीव्हीची सेटिंग तशीच राहिली किंवा सोबत बसलेल्यांना दोन गोष्टी आधी सांगितल्या नाहीत, तर इतकं सुंदर काम डोळ्यांसमोरून नुसतं निघून जातं. मोठे धक्के मी फोडणार नाही, पण कथा कुठून सुरू होते तेवढं सांगावंच लागेल.

आधी क्रम ठरवा

पहिला 'रुरौनी केन्शिन' २०१२चा. मग २०१४मध्ये ऑगस्टला 'क्योटो इन्फर्नो' आणि सप्टेंबरला 'द लेजंड एंड्स'. शेवटचे दोन २०२०च्या उन्हाळ्यात यायचे होते, कोविडमुळे लांबले आणि २०२१मध्ये आले: एप्रिलमध्ये 'द फायनल', जूनमध्ये 'द बिगिनिंग'. पाचही केइशी ओतोमो या एकाच दिग्दर्शकाचे आणि पाचही चित्रपटांत केन्शिन ताकेरु सातोच.

'द बिगिनिंग' हे नाव वाचून बरेच जण तोच आधी लावतात. कथा त्यात मागे, १८६४च्या क्योटोत जाते हे खरं. तरीही तो शेवटीच बघा. केन्शिनच्या डाव्या गालावर फुलीसारखा व्रण आहे, आणि तो कसा आला हे चार चित्रपट आपल्याला पुरतं उलगडत नाही. तो हसतो, धुणं धुतो, पोरांशी खेळतो, आणि मधेच एखाद्या क्षणी त्याचे डोळे थिजतात. या माणसाला आपण चार चित्रपट ओळखतो, त्याच्यावर जीव जडतो, आणि मग पाचवा चित्रपट दाखवतो की तो आधी कोण होता. हे आधीच कळलं तर बाकीच्या चार चित्रपटांतलं ते थिजणं नुसतं माहितीचं उरतं.

दुसरा आणि तिसरा चित्रपट लागोपाठ बघायची तयारी ठेवा. 'क्योटो इन्फर्नो' अशा जागी तोडला आहे की मधे आठवडा गेला तर चिडचिड होते. प्रत्येक चित्रपट सव्वादोन तासांच्या आसपास आहे, म्हणून आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी एक आणि रविवारी दुपारी दुसरा असा बेत असतो. चौथा आणि पाचवाही तसाच, एका शनिवार-रविवारी. पहिला मात्र एकटाच बघा आणि मधे चार दिवस जाऊ द्या.

बसण्याआधी टीव्ही नीट करा

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आजकालच्या टीव्हीत हलती चित्रं गुळगुळीत करणारी एक सेटिंग असते आणि ती बहुधा दुकानातूनच चालू होऊन येते. चित्रपट सेकंदाला चोवीस फ्रेमचा असतो; टीव्ही त्यांच्या मधल्या फ्रेम स्वतः तयार करून भरतो. क्रिकेटला ते चालून जातं. तलवारबाजीत सगळी वाट लागते. वाराचा झटका निघून जातो, पातं द्रवासारखं वाहताना दिसतं आणि पूर्ण चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. पिक्चरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मोशन' शब्द असलेलं जे काही असेल ते बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण 'मोशन' बहुतेक ठिकाणी सापडतंच. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की काम झालं.

खोलीतला दिवाही मालवा, निदान 'क्योटो इन्फर्नो'ला. त्यात सुरुवातीलाच पोलीस एका खाणीत उतरतात, आणि अंधारात आगीच्या उजेडावर खलनायक शिशिओ पहिल्यांदा दिसतो. ट्यूबलाइट चालू असेल तर तुम्हाला पडद्यावर फक्त स्वतःचा सोफा दिसेल.

भाषा जपानीच ठेवा आणि खाली सबटायटल्स. सातोचा केन्शिन दोन आवाजांत बोलतो. एरवी मऊ, जरा संकोचलेला. राग चढला की खाली, सपाट, कोरडा. हा बदल एका वाक्यात होतो आणि डबिंगमध्ये तो पुसट होतो. सबटायटल्स मात्र आधी पाच मिनिटं तपासून घ्या. एका ठिकाणी मी लावलेल्या चित्रपटात ती दोन सेकंद उशिरा येत होती. अशा वेळी सोसत बसू नका, बंद करून पुन्हा लावा.

पाच मिनिटांचा इतिहास

सोबत घरचे असतील तर एवढं आधी सांगा. १८५३मध्ये अमेरिकेची काळी जहाजं जपानच्या किनाऱ्याला आली आणि अडीचशे वर्षांची तोकुगावा शोगुनांची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांची, सत्ता डळमळली. पुढची पंधरा वर्षं क्योटोच्या गल्ल्यांत रक्त सांडत होतं. एका बाजूला चोशू आणि सात्सुमा या प्रांतांचे लोक, सम्राटाच्या नावाने शोगुन उलथवणारे. दुसऱ्या बाजूला शोगुनशी निष्ठावान असलेले, त्यात शिनसेनगुमी ही तलवारबाजांची तुकडी. जानेवारी १८६८मध्ये तोबा-फुशिमीची लढाई झाली, शोगुनची बाजू हरली आणि सम्राटाच्या नावाचा मेइजी काळ सुरू झाला. १८७६मध्ये नव्या सरकारने सामान्य माणसाने तलवार लावून फिरण्यावर बंदी आणली. आपली कथा १८७८ची.

केन्शिन जिंकलेल्या बाजूचा मारेकरी होता. 'बाट्टोसाई' या नावाने क्योटो थरथरायचं. आणि जिंकल्यावर त्याला काहीच नको आहे. ना पद, ना पेन्शन. दहा वर्षं तो वाट फुटेल तिकडे भटकतोय. हरलेल्या बाजूचा साइतो हाजिमे मात्र आता त्याच नव्या सरकारचा पोलीस आहे. साइतो हा खरा माणूस. शिनसेनगुमीच्या तिसऱ्या पथकाचा नायक, पुढे फुजिता गोरो या नावाने पोलिसात गेला. केन्शिन काल्पनिक आहे, पण मूळ मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, लेखक वात्सुकी यांनी त्याचं मूळ कावाकामी गेन्साई या खऱ्या मारेकऱ्यात असल्याचं सांगितलं आहे. 'क्योटो इन्फर्नो'त गृहखातं सांभाळणारे ओकुबो तोशिमिची येतात, तेही खरेच. त्यांचा खून १४ मे १८७८ला तोक्योत झाला, बग्गीतून जाताना. चित्रपट तोच दिवस घेतो आणि मारणारा हात बदलतो.

आईला मी हे सगळं चहा होईपर्यंत सांगितलं. तिने पहिल्या अर्ध्या तासातच नेमका प्रश्न विचारला: "अगं, ह्याची तलवार उलटी का धरलीये?"

ती तलवार जवळून बघा

धरलेली बरोबरच आहे, घडवलेलीच उलटी आहे. जपानी कताना किंचित वाकलेली असते आणि धार बाहेरच्या, फुगीर बाजूला असते. केन्शिनच्या साकाबातोची धार आतल्या बाजूला आहे; शत्रूवर पडते ती बोथट पाठ. म्हणजे ती तलवार कापत नाही, फक्त हाड मोडते. कुणाला मारायचं असेल तर मूठ हातात फिरवून पातं उलटं करावं लागेल, आणि फिरवलं की धार त्याच्याकडून निघून समोरच्याकडे जाते. नवा आलेला प्रेक्षक हे लक्षात ठेवून बसला की प्रत्येक मारामारीत एक वेगळीच धाकधूक तयार होते: मनगट फिरतंय का? पहिल्या चित्रपटाच्या शेवटच्या द्वंद्वात, मारेकरी उदो जिन्ए समोर असताना, फक्त मूठ बघा. चेहरा नंतर.

आता पाय. मी कोल्हापूरची, लहानपणी तालमीत लाठी आणि थोडा दांडपट्टा शिकले. वस्ताद आमचे हात बघायचेच नाहीत, पवित्रा बघायचे. ती सवय मला इथे उपयोगी पडली. सातोच्या केन्शिनचं वजन जवळपास कधीच टाचेवर नसतं. तो घुसतो तेव्हा छाती गुडघ्यांपर्यंत खाली जाते, वळताना कधी एक हात जमिनीला टेकतो, आणि तो समोरून येण्याऐवजी बाजूने, खालून, घसरत येतो. ॲनिमेत तो हवेत उडायचा. उडता येत नाही तेव्हा वेग दाखवायचा कसा, यावर ॲक्शन दिग्दर्शक केन्जी तानिगाकी यांनी काढलेलं उत्तर म्हणजे ही जमिनीलगतची धाव. तानिगाकी हाँगकाँगमध्ये डॉनी येन या ॲक्शन नटासोबत काम करून आलेले. म्हणून यात जपानी सामुराई चित्रपटांची एक वार आणि खेळ खलास ही पद्धत नाही. दहा-पंधरा माणसांतून एक माणूस वाहत जातो, आणि कॅमेरा इतका मागे राहतो की पूर्ण अंग दिसावं. सातोने बहुतेक मारामाऱ्या स्वतः केल्या आहेत, त्यामुळे चेहरा लपवायला कापाकापी करावी लागलेली नाही. दोन नटांचे पाय एकाच फ्रेममध्ये दिसतात, यासारखा आनंद ॲक्शनच्या चाहत्याला दुसरा नाही.

म्यानावरही लक्ष ठेवा. बाट्टोजुत्सु म्हणजे म्यानातून तलवार उपसतानाच मारायचा वार. पण वार चुकला तर? तर डाव्या हातात म्यान आहेच. ॲनिमेच्या चाहत्यांना हा डाव माहीत आहे. बाकीच्यांना मी आधी सांगत नाही, कारण पहिल्यांदा दिसतो तेव्हा लोक सोफ्यावर पुढे सरकतात, आणि मला ते बघायचं असतं.

प्रत्येकाची ढब वेगळी आहे, तीही ओळखायला शिका. साइतो तलवार डाव्या हातात आडवी मागे खेचतो आणि एकाच खुपसण्यावर सगळा जोर लावतो. शिशिओचा हस्तक सोजिरो हसत हसत चवड्यांवर हलका उसळतो आणि पुढच्या क्षणी तुमच्या मागे असतो. केन्शिनचा मित्र सानोसुकेला तलवारीचं फारसं देणंघेणं नाही, तो मुठींचा माणूस. पहिल्या चित्रपटातली स्वयंपाकघरातली त्याची हाणामारी माझ्या भाच्याला पाठ आहे. शिशिओ अंगभर भाजलेला, पट्ट्यांत गुंडाळलेला. त्याला घाम येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि फार वेळ लढणं त्याच्या जिवावर बेततं. 'द लेजंड एंड्स'च्या शेवटी त्याच्या पोलादी जहाजावर चौघे मिळून त्याच्याशी लढतात आणि तरी तो त्यांना पुरून उरतो. तात्सुया फुजिवाराचे फक्त डोळे आणि ओठ दिसतात. तेवढ्यावर त्याने हे पात्र उभं केलंय.

ॲनिमे आधी पाहिली असेल तर

मूळ मांगा नोबुहिरो वात्सुकींची, १९९४ ते १९९९, २८ खंड. टीव्हीवरची ॲनिमे १९९६ ते १९९८. तिच्यात केन्शिनला आवाज दिला होता मायो सुझुकाझे या बाईंनी; त्या ताकाराझुका या फक्त स्त्रियांच्या नाटक कंपनीतून आलेल्या. तो आवाज कानात घेऊन बसाल तर पहिली वीस मिनिटं सातो तुम्हाला परका वाटेल. थांबा. दोजोच्या, म्हणजे तलवारबाजीच्या शाळेच्या, प्रसंगापर्यंत थांबा, जिथे तिथे शिकवणाऱ्या काओरुच्या वर्गात गुंड घुसतात आणि हा हसरा, सडपातळ माणूस आत येऊन शांतपणे सगळ्यांची माफी मागावी तसा बोलतो आणि मग हलतो. तिथे तुमचं भांडण मिटेल.

ॲनिमेत वाराचं नाव ओरडून वार करतात. इथे ते फारच कमी केलं आहे आणि माझ्या मते ते योग्यच आहे. कथाही आवळली आहे: पहिल्या चित्रपटात जिन्ए, नकली बाट्टोसाई आणि अफूचा व्यापारी कान्र्यू यांची वेगवेगळी प्रकरणं एकत्र बांधली आहेत. क्योटोची कथा ॲनिमेत २८व्या भागापासून ६२व्यापर्यंत चालते. दोन चित्रपटांत ती बसवायची तर काहीतरी जाणारच. शिशिओचे दहा तलवारबाज जवळजवळ सगळे पुसट झाले आहेत. निन्जांचा म्होरक्या आओशी याच्यावर तर सरळ अन्याय झालाय. ॲनिमेत त्याच्या पडझडीला जागा होती, इथे तो नुसता रागावलेला येतो आणि लढतो. युसुके इसेया चांगला नट आहे, म्हणून आणखी वाईट वाटतं. या बाबतीत मी चित्रपटांची बाजू घेणार नाही.

पण चौथ्या चित्रपटाला तुमची जुनी ॲनिमे तुम्हाला काहीच मदत करणार नाही. टीव्हीवरची मालिका क्योटोनंतर मांगाची वाट सोडून स्वतःच्याच कथा सांगत बसली आणि चौथ्या चित्रपटातला खलनायक एनिशी याचं प्रकरण तिच्यात आलंच नाही. ज्यांनी मांगा वाचली नाही त्यांना 'द फायनल'मध्ये एनिशी खऱ्या अर्थाने पहिल्यांदा भेटतो. ती भूमिका माकेन्यूची, म्हणजे ॲक्शन नट सॉनी चिबांच्या मुलाची. नेटफ्लिक्सच्या 'वन पीस'मधला झोरो पाहिलेली पोरं त्याला लगेच ओळखतात. माझ्या भाच्याने मला याच कारणासाठी चौथा चित्रपट आधी लावायला सांगितला होता. मी लावला नाही.

चेहरे ओळखायचा खेळ लहानांना सोबत घेऊन नक्की करा. सोजिरो म्हणजे र्युनोसुके कामिकी, 'युवर नेम'मधल्या ताकीचा आवाज आणि 'गॉडझिला मायनस वन'चा नायक. त्याच 'गॉडझिला'त सानोसुकेचा मुनेताका आओकीही आहे. शिशिओचा फुजिवारा हा २००६च्या 'डेथ नोट' चित्रपटांतला नायक लाइट. आणि खुद्द सातोने ओतोमोंच्याच २०१०च्या, एनएचके या जपानी वाहिनीवरच्या मालिकेत ओकादा इझो हा त्या काळातला खरा मारेकरी साकारला होता. केन्शिनसाठी तोच का, हे तिथूनच कळतं.

शेवटचे दोन

जपानबाहेर हे दोन्ही २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर आले. आधीचे तीन कुठे आहेत ते बघण्याआधी शोधून ठेवा, कारण ते इकडून तिकडे जात असतात. ऐन शनिवारी सगळे जमल्यावर शोधाशोध नको.

'द फायनल' गर्दीसोबत बघा. आगगाडीतली मारामारी, पेटलेलं तोक्यो, जुनी माणसं परत येणं, सगळं टाळ्या-शिट्ट्यांचं आहे. 'द बिगिनिंग'साठी मात्र एक-दोनच माणसं घ्या, ज्यांना बोलायची घाई नसते अशी. सुरुवातीलाच केन्शिन दोरांनी बांधलेला आहे आणि तलवार दातांत धरून लढतो. इथे उलट्या धारेची तलवार नाही. जी आहे ती कापते, आणि आधीच्या चार चित्रपटांत न वाहिलेलं रक्त इथे वाहतं. लहान मुलांना या एका चित्रपटाला बाहेर ठेवा. रंग फिके आहेत, संवाद थोडे, आणि मधला बराच भाग एका खेड्यात भाजी लावण्यात, औषधं विकण्यात, बर्फ पडण्यात जातो. कासुमी आरिमुराची तोमोए फार हळू बोलते. आवाज वाढवा, ओरडून ऐकवू नका, आणि त्या खेड्याच्या भागात फोन बघू नका. ज्याला तो भाग कंटाळवाणा वाटला त्याला पुढच्या अर्ध्या तासात काहीच लागणार नाही.

पाचही चित्रपट संपतात वन ओके रॉक या बँडच्या गाण्यांवर. पुढचं काहीतरी आपोआप सुरू होण्याआधी रिमोट हातात घ्या आणि श्रेयनामावली चालू द्या. पहिल्या चित्रपटाच्या गाण्याचं नाव 'द बिगिनिंग' आहे, नऊ वर्षांनी आलेल्या शेवटच्या चित्रपटाचंच नाव.

पाचवा संपला की उठू नका. तो तोबा-फुशिमीच्या रणांगणावर येऊन थांबतो. लगेच २०१२चा पहिला चित्रपट लावा आणि त्याची सुरुवात पुन्हा बघा: तीच लढाई, तोच बर्फ, आणि जमिनीत रोवून सोडलेली तलवार. पहिल्यांदा ती नुसती दमदार सुरुवात वाटली होती. आता तो माणूस ती तलवार का सोडतोय हे तुम्हाला माहीत असतं.

त्यानंतरही भूक असेल तर १९९९ची चार भागांची 'ट्रस्ट अँड बिट्रेयल' बघा, जी 'द बिगिनिंग'चीच कथा ॲनिमेत सांगते आणि कधी कधी त्याहून गडद आहे. नव्याने बनवलेली ॲनिमे २०२३पासून आली आहे. तिचा दुसरा सीझन क्योटोपर्यंत पोचलाय. माझा भाचा तीच बघून मोठा होतोय आणि त्याचं म्हणणं आहे की त्यातला सोजिरो जास्त भारी आहे. पुढच्या शनिवारी तो घरी येणार आहे. मी 'द लेजंड एंड्स'मधली जहाजावरची मारामारी काढून ठेवली आहे.